समुद्र डाव्या हाताला

कासमभाई समुद्रकाठानं चालायला निघाले ते ऑफिसच्या दारातून. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात असलेल्या आमच्या जुन्या इमारतीपासून समुद्र काही अगदी समोर नाही, दोन सिग्नल ओलांडावे लागतात. मी म्हटलं, "कासमभाई, थेट कॉर्निशवर, पाण्याच्या काठाला उतरा की, तिथून सुरू करा." ते म्हणाले, "नाय बाय. एकतीस वर्षं ह्याच दारातनं निघालोय. सुरवात हितनंच." मग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बंद ऑफिसच्या बंद दाराला हात लावून हा माणूस सौदीच्या सरहद्दीकडे चालू लागला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात काळे चामड्याचे बूट आणि काखेत कागदपत्रांचं पारदर्शक फोल्डर.

ते आमच्या कंपनीचे मंदूब होते. कंपनीचे सरकारी कागद एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत नेणारा माणूस म्हणजे मंदूब. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आलाय, कुणाच्या बायकोचा व्हिसा अडलाय, कुणाच्या पासपोर्टवर स्पेलिंग चुकलंय, सगळं कासमभाईंच्या फोल्डरमध्ये. मी त्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर, त्यामुळे त्यांचे कागद माझ्या टेबलावरून जात. पहिले सहा महिने मी 'म्याडम' होते. एकदा त्यांच्या डब्यातला सुका जवळा मी मागून खाल्ला आणि त्या दिवसापासून 'बाय' झाले. पुण्याची बाई जवळा मागून खाते याचं त्यांना इतकं नवल वाटलं, की ते त्यांनी गावी फोन करून सांगितलं.

त्यांचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. बायको हमीदाभाभी तिथे, मुली लग्न होऊन आपापल्या घरी. हे इकडे चौघांच्या खोलीत. वर्षातून एकदा महिनाभर घरी जायचं, परत यायचं. असं एकतीस वर्षं.

चालण्याचं खूळ त्यातूनच निघालं. शेवटच्या सुट्टीत हमीदाभाभींनी त्यांना सहज विचारलं, तुम्ही राहता ते कुवेत कसं आहे हो? हे मला सांगताना कासमभाईंचा चेहरा पडला होता. "बाय, मना सांगताच येईना. मी बोल्लो, चवथ्या माळ्यावर इकामा, दुसऱ्यावर मेडिकल, लिफ्ट बंद. ती बोल्ली, ते नाय, गाव कसा हाय? समुद्र कसा हाय? मी गप. एकतीस वर्षांत समुद्र बघितला तो बसच्या काचेतनं."

खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला या गोष्टीची लाज वाटली, खरीखुरी लाज. म्हणून त्यांनी ठरवलं, की मिरकाबपासून खाली नुवैसीबपर्यंत, म्हणजे देश संपतो तिथपर्यंत, किनारा पायी चालायचा. शंभरेक किलोमीटर तरी असेल. दोन हिवाळ्यांत, दर शुक्रवारी थोडं थोडं. इथे काही पायवाट आखलेली नाही, बाणांच्या पाट्या नाहीत. कॉर्निशचा फरसबंद रस्ता संपला की पुढे वाळू, दगड, कुंपणं आणि शॅले, म्हणजे लोकांची सुट्टीतली खासगी घरं. माझ्या नवऱ्याने नकाशा काढून दाखवला, की मध्ये रिफायनरी आहे, बंदर आहे, तिथे काठानं जाऊच देत नाहीत. कासमभाईंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि नियम केला, "समुद्र डाव्या हाताला पायजे. दिसला नाय तरी चालंल, पण डाव्या हाताला." म्हणजे कुंपण आडवं आलं की कुंपणाच्या बाहेरून, हमरस्त्याच्या कडेनं चालायचं. बसमध्ये बसायचं नाही.

हा नियम त्यांनी किती काटेकोर पाळला ते मी पाहिलंय. शुक्रवारी पहाटेची नमाज झाली की निघायचे आणि जुम्म्याच्या वेळेला जी मशीद येईल तिथे थांबायचे. शेवटच्या दिव्याच्या खांबाचा नंबर डायरीत लिहायचे आणि पुढच्या शुक्रवारी त्याच खांबापासून सुरू करायचे. एकदा फिंतासला आम्ही त्यांना गाडीतून सोडलं. आम्ही तिघं, मी, नवरा आणि मागे आमची लेक. कासमभाई उतरले, डायरी बघितली आणि उलट्या दिशेला चालू लागले. आम्ही खांब चुकवला होता, दोनशे पावलं पुढे आणून सोडलं होतं. लेकीनं खिडकीतून विचारलं, "अंकल, हू विल नो?" त्यांना इंग्रजी कळायचं, बोलायचे नाहीत. म्हणाले, "बाळा, फाईलीत मधला एक कागद नसला ना, तर सगळी फाईल परत येते."

हे असं होतं. तीस वर्षं काउंटरवर उभं राहून माणूस एकतर चिडका होतो किंवा चिवट होतो. कासमभाई चिवट झाले होते. सरकारी खिडकीतला माणूस 'बुकरा' म्हणाला, उद्या ये म्हणाला, की आमच्यासारखे हातपाय आपटतात. कासमभाईंना बुकरा म्हणजे आशीर्वाद वाटायचा. "नाय बोल्ला असता तर वाट बंद. बुकरा बोल्ला म्हंजे दार हाय, फक्त आज उघडं नाय." सकाळी सातला पुन्हा हजर, तोच शर्ट, तेच फोल्डर, तोच सलाम. शेवटी खिडकीतला माणूस कंटाळून शिक्का मारायचा. एका शॅलेच्या रखवालदारानं त्यांना काठावरून हाकललं तेव्हाही ते हुज्जत न घालता परत फिरले आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्यासाठी तांदळाची भाकरी घेऊन गेले. तो रखवालदार निघाला केरळचा. पुढची सगळी कुंपणं कुठून चुकवायची ते त्यानंच सांगितलं.

त्यानं सांगितलेली वाट मात्र पाण्यातून होती. रिफायनरीच्या खाली, जुलैयाच्या बाजूला, शॅलेंच्या भिंती थेट भरतीच्या रेषेपर्यंत येतात. ओहोटी असली की भिंत आणि पाणी यांच्या मधे एक ओली पट्टी उघडी पडते. तेवढ्यात निघून जायचं. हे ऐकून कासमभाई असे खूश झाले की जसा काही किनारा त्यांच्या नावावर झाला. भरती-ओहोटी हा त्यांच्या घरचा विषय. आजोबांपासून चालत आलेला हिशेब त्यांनी माझ्या टेबलावर बोटानं मांडून दाखवला. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची. चौथी तारीख असली की तीन वाजता भरती पूर्ण, आठवी असली की सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. "घड्याळ चुकंल, ह्यो हिशेब नाय चुकायचा."

त्या शुक्रवारी हिशेबाप्रमाणे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी होती. कासमभाई आठला पट्टीवर उतरले. चार भिंती ओलांडल्या तेव्हा पाणी घोट्याला लागलं. त्यांना वाटलं, लाट असेल. सहाव्या भिंतीशी गुडघ्याला, नवव्या भिंतीशी कमरेला. डिसेंबरचं गार पाणी. पुढे भिंत, मागे भिंत, डोक्यावर फोल्डर. शेवटी एका शॅलेचा दगडी जिना दिसला तो ते चढले आणि थेट एका कुवेती कुटुंबाच्या नाश्त्यात जाऊन उभे राहिले. बायका आत पळाल्या. एक म्हातारा तेवढा आपला पायघोळ दिशदाशा सावरून बसून राहिला. कासमभाईंनी ठिबकत ठिबकत सलाम केला आणि सवयीनं फोल्डर उघडून सिव्हिल आयडी पुढे केलं.

म्हाताऱ्यानं आयडी बघितलं, चहा ओतला, आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. चांद, पाऊणपट, आजोबा, सगळं. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, हा हिशेब हिंदच्या समुद्राचा आहे, आमच्या पाण्याला कोण सांगणार?

सोमवारी ऑफिसात हे ऐकून मीही हसले. कासमभाई हसले नाहीत. त्यांनी कारण शोधलं होतं. भिंतीवरच्या अरबी कॅलेंडरकडे बोट करून म्हणाले, "हितला चांद आपल्यापेक्षा एक दिवस पुढं. मी ही तारीख धरली. चूक तिथं झाली." पुढच्या शुक्रवारी गावचा चांद धरून गेले आणि मांड्यांपर्यंत भिजून आले.

तेव्हा मी त्यांना सांगितलं, की भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात. ते म्हणाले, "आधी का नाय बोल्लीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर घड्याळालाही खोटं पाडलं होतंत."

मोबाइलमधल्या वेळाही त्यांनी लगेच मानल्या नाहीत. आमच्या मंगफच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून समोर समुद्राच्या पायऱ्या दिसतात. त्यांनी मला कामाला लावलं. दोन आठवडे मी कुकरची शिट्टी आणि समुद्राची पायरी दोन्ही सांभाळत होते. 'साडेसहा. पाणी तिसऱ्या पायरीवर.' 'आठ. पाचवी बुडाली.' ते सगळं डायरीत उतरवून घेत. मोबाइल बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी ते चहाचा कप हातात धरून माझ्या टेबलापाशी उभे राहिले. चहा प्यायलेच नाहीत.

"बाय, एकतीस वर्षं मी ह्यो हिशेब डोक्यात घेऊन फिरलो. वाटायचा, समुद्र तर आपला हाय. तो पण आपला नाय निघाला."

परदेशात राहणाऱ्या माणसानं काहीतरी एक गोष्ट आपली म्हणून जपलेली असते, ती अशी हातात मोडली की वाईटच वाटतं. मलाही वाटलं. पण ते फार वेळ तसे राहणारे नव्हते. दुपारी परत आले तेव्हा डायरीत मोबाइलच्या वेळा नीट रेघा मारून लिहिलेल्या होत्या. "नवा शिकू," म्हणाले. "लायसन पण हितलं वेगळं काढावं लागतंच की."

त्याच महिन्यात त्यांना नोटीस मिळाली. कंपनीचे निम्मे कागद आता ऑनलाइन जायला लागले होते आणि खिडक्याच उरल्या नाहीत तर मंदूब कशाला? फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम, मग इकामा रद्द, मग कायमचं घरी. ते पत्र टाईप होऊन माझ्याच टेबलावर आलं, माझ्याच हातानं मी त्यांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, फोल्डरमध्ये सगळ्यात मागे ठेवलं. मी रडवेली झाले होते. ते बोटं मोजत होते. "दोन हिवाळे बोल्लो व्हतो. आता एकच हाय. शुक्रवार किती ऱ्हायले बघ."

नऊ राहिले होते. जमण्यासारखं होतं. पण ते चामड्याचे बूट दोनदा खाऱ्या पाण्यात भिजले होते आणि कासमभाईंना बारा वर्षांची साखर. उजव्या अंगठ्याला जखम झालेली त्यांना कळलीच नाही. मोजा लाल दिसला तेव्हा कळली. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे पाय टेकायचा नाही, नाहीतर अंगठा काढावा लागेल. कासमभाईंनी विचारलं, "तीन आठवडे म्हंजे एकवीस दिवस, का तीन शुक्रवार?" डॉक्टरला प्रश्नच समजला नाही. मी सोबत होते, मला समजला. त्यांना एवढंच पक्कं करायचं होतं, की शुक्रवार तीनच बुडतील, चौथा नाही.

मला वाटलं होतं, हा हट्टी माणूस काही ऐकणार नाही, चोरून चालायला जाईल. मी त्यांच्या खोलीतल्या माणसाला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्याची गरज पडली नाही. तीन शुक्रवार ते पाय उशीवर ठेवून पडून राहिले. मी डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "थांबायची माझी सवय दांडगी हाय. लायनीत उभं ऱ्हाऊन पगार घेतला मी." नवऱ्यानं त्यांना एक नंबर मोठे, मऊ बूट आणून दिले होते. नारिंगी रंगाचे. कासमभाईंनी ते बघून तोंड वाकडं केलं, पण दिवसभर घालून पलंगावर बसले, सवय व्हावी म्हणून.

अंगठा वाचला. डॉक्टरांनी मलमपट्टी करून, हजार सूचना देऊन परवानगी दिली. राहिलेल्या शुक्रवारांत ते जुलैया मागे टाकून झौरच्या पुढे खैरानपर्यंत पोचले. तिथे समुद्र कालव्यांनी आत घेतलेला, घरांच्या मधून पाणी फिरवलेलं. सरळ काठ असा नाहीच. तो सगळा भाग त्यांनी बाहेरून वळसा घालून काढला, कारण डाव्या हाताला समुद्र. शेवटी राहिला खैरानच्या खालचा तुकडा, आणि राहिला एकच शुक्रवार. शनिवारी दुपारचं विमान.

त्या दिवशी ओहोटी दुपारची होती. जुम्म्याची नमाज खैरानच्या मशिदीत पढून ते निघाले. आम्ही गाडी घेऊन पुढे गेलो आणि रस्ता जिथे काठाला शेवटचा टेकतो तिथे थर्मास घेऊन थांबलो. तिथून पुढे थोडी मोकळी वाळू, मग तारेचं कुंपण. इथून पुढे जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, अशी वाळूच्या अलीकडेच पाटी. पाटीशेजारी खुर्ची टाकून बसलेला एक पहारेकरी, पोट सुटलेला, पन्नाशीचा.

चार वाजता त्यांनी पोचायला हवं होतं. साडेचार झाले. मी नवऱ्याला म्हटलं, "भरती लागायला लागली असेल." तो गाडीतून उतरून उभा राहिला. पावणेपाचला लांब वाळूवर नारिंगी बूट दिसले, आणि मग त्यांच्यावरचा माणूस. चाल पार बिघडली होती. उजवा पाय टेकवत नव्हते, ओढत होते. मी धावत गेले, पाणी पुढे केलं, गाडीत बसा म्हटलं. "बास झालं कासमभाई, पोचलात. हे बघा, इथंच संपतं."

"हितं रस्ता संपतो," ते म्हणाले. "ती तार हाय ना, तिथं देश संपतो." आणि पाणी न घेता पुढे गेले.

पहारेकरी उठला. हात आडवा केला. 'ममनू', मनाई आहे, एवढं मला ऐकू आलं. मला वाटलं, झालं. आज बुकरा म्हणायची सोय नव्हती. कासमभाई थांबले, सलाम केला, फोल्डर उघडलं. पुढचं आम्हाला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. त्यांनी गाडीतून घरी जाताना सांगितलं ते असं. पहारेकऱ्यानं विचारलं, कुठून आलास? हे म्हणाले, मिरकाबहून. तो म्हणाला, गाडी कुठाय? हे म्हणाले, गाडी नाही. तो म्हणाला, मग कसा आलास? हे म्हणाले, चालत, ऑक्टोबरपासून. आणि उद्या घरी चाललो, कायमचा.

पहारेकऱ्यानं आयडी परत दिलं. मग त्यांच्या बुटांकडे पाहिलं. उजव्या बुटाच्या नारिंगी रंगात एक गडद डाग पसरत होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं, खुर्ची उचलून काखेत मारली, आणि दुसऱ्या हातानं कासमभाईंचा दंड धरला. दोघं तारेकडे निघाले. तो सावकाश चालत होता, यांच्या पायाच्या चालीनं.

तारेपाशी कासमभाईंनी हात टेकला. तोंड पाण्याकडे केलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, हमीदाभाभींना लावला, आणि दुसरा हात हवेत फिरवत बोलू लागले. हात उत्तरेकडे जाई, पुन्हा खाली येई, मधेच कुठे वळसा घेई. किती वेळ बोलत होते. शेवटी पहारेकऱ्यानं खुर्ची त्यांच्यामागे ठेवली. ते बसले, फोन तसाच कानाला, आणि एका हातानं बूट काढू लागले. तो निघेना. पहारेकरी आपलं पोट सांभाळत वाळूत गुडघ्यांवर बसला आणि हळूहळू, दोन्ही हातांनी, त्यांचा बूट ओढून काढू लागला.